पानांची ८४ पानं

रविवारच्या मराठी शाळेत गेल्या महिन्याभरात तीन आयांनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, तो पानांचा संच तुम्ही वर्गात वापरलात ना? घेण्यासारखा आहे का?" पहिलीला मी हो म्हणाले, दुसरीला नाही म्हणाले आणि तिसरीला "बघू, सांगते" म्हणून टाळलं. तिन्ही उत्तरं खरी होती. म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे माझी खोड कुठे आहे ते कळेल. मध्य न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत किंडरगार्टनच्या वर्गावर मी मदतनीस आहे. इथे आम्हाला 'पॅरा' म्हणतात. मुलं पाच-सहा वर्षांची, यंदा वर्गात २१. मुख्य शिक्षिका वेगळ्या, त्यांना मी इथे 'आमच्या बाई' म्हणेन. अमेरिकेत येण्याआधी सांगलीजवळ एका बालवाडीत सहा वर्षं शिकवलं. तिथे शैक्षणिक साहित्य म्हणजे चिंचोके, सागरगोटे, काड्यापेटीतल्या काड्या आणि परसात जे सापडेल ते. त्यामुळे छापील कागदाकडे मी जरा तिरक्या नजरेनेच बघते. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

वस्तू अशी: शिक्षकांसाठी साहित्य विकणाऱ्या एका साइटवरून डाउनलोड करायची पीडीएफ फाइल. विषय, फॉलमधली, म्हणजे पानगळीच्या ऋतूतली पानं. किंमत साडेसहा डॉलर. पानांवर बेतलेली एकूण ८४ पानं. (मराठीत हे वाक्य म्हणून बघा, इंग्रजीत ही गंमत नाही.) संच कुणाचा ते सांगत नाही, कारण असे संच ढिगाने मिळतात आणि त्यांचा साचा साधारण एकच असतो. माझ्या तक्रारी बहुतेक सगळ्यांना लागू पडतील.

साडेसहा डॉलर हा आकडा फसवा आहे. ८४ पैकी ३१ पानं रंगीत. शाळेतलं कॉपी मशीन आम्हाला काळंपांढरंच छापून देतं, म्हणून रंगीत पानं मी घरच्या प्रिंटरवर काढली आणि दोन संध्याकाळींत पिवळी शाई संपली. पानगळीचा संच, दुसरी कुठली संपणार! वर लॅमिनेशनच्या पिशव्या. त्याहून मोठा खर्च म्हणजे कापाकापी. टेन फ्रेम, म्हणजे पाच-पाच चौकोनांच्या दोन ओळी, त्यांत ठेवून मोजायला नखाएवढी मेपलची पानं दिली आहेत. एका मुलाला २० लागतात. नवऱ्याला टीव्हीसमोर बसवून त्याच्याकडून कापून घेतली. "पाच टोकांचं पान कुणी निवडलं? वडाचं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?" अशी त्याची कुरकुर शेवटपर्यंत चालू होती. सगळी कापून झाल्यावर हिशोब केला. २१ मुलं, प्रत्येकी २०. चारशेवीस!

आणि ती चारशेवीस पानं वर्गात चालली किती दिवस? दोन. लॅमिनेट केलेला एवढासा तुकडा पाच वर्षांच्या बोटांना टेबलावरून उचलता येत नाही. तो चिकटून बसतो. मुलं नखाने खरवडत बसली आणि मोजणं राहिलं बाजूला. तिसऱ्या दिवशी बाईंनी ओकच्या फळांच्या टोप्या आणल्या. ओकचं फळ म्हणजे एकॉर्न, सुपारीपेक्षा लहान, डोक्यावर खवल्याखवल्यांची टोपी असलेलं. त्या टोप्या चिमटीत येतात, चौकोनात नीट बसतात आणि टेबलावर ठेवल्या की टिक्‌ असा आवाज येतो. एक टिक्‌, एक आकडा. दहापर्यंत अडखळणारी दोन मुलं त्या आवाजाच्या तालावर चौदापर्यंत गेली. म्हणजे टेन फ्रेमचं छापील पान उत्तम आहे. त्यावर ठेवायला दिलेलं साहित्य निकामी.

आता मुख्य गोष्ट. या संचातली सगळ्यात गाजलेली कृती म्हणजे रंगांचा आलेख. साइटवर त्याचाच फोटो पहिला आहे. मोठ्या कागदावर चार रकाने: लाल, पिवळा, नारिंगी, तपकिरी. मुलांनी मैदानातून एकेक पान आणायचं, आपल्या रंगाच्या रकान्यात चिकटवायचं, मग मोजायचं, कुठला रकाना जास्त, कुठला कमी. तळाशी बारीक अक्षरांत कॉमन कोअरचा, म्हणजे इथल्या अनेक राज्यांनी मिळून ठरवलेल्या अभ्यासक्रमाच्या निकषांचा, क्रमांक. वस्तूंची गटवारी करणं, गट मोजणं आणि संख्येवरून गट लावणं हे किंडरगार्टनच्या गणितात येतंच, त्यामुळे मुख्याध्यापकांनी वर्गात डोकावलं तरी चिंता नाही.

आम्ही हे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात केलं. मध्य न्यू जर्सीत रंग खरे भरात येतात ते महिन्याच्या उत्तरार्धात, पण शाळेचं वेळापत्रक झाडांना विचारून होत नाही. वर्गात एक मुलगा आहे, पुण्याहून जुलैत आलेला. त्याला मी इथे चिंटू म्हणते. इंग्रजी समजतं, बोलत नाही. त्याने आणलेलं पान लाल ओकचं होतं, माझ्या पंज्याएवढं. (नॉर्दर्न रेड ओक हे न्यू जर्सीचं राज्यवृक्ष आहे. कडेला खोल खाचा आणि प्रत्येक टोकाला केसासारखं काटेरी टोक. पांढऱ्या ओकची टोकं गोल असतात. एवढं ओळखता आलं तरी मुलांना खूप झालं.) तर ते पान अर्धं हिरवं, शिरांच्या कडेने तपकिरी, एका बाजूला लाली चढत आलेली. मधे कुरतडलेलं एक भोक आणि पाठीमागे किड्याने केलेली वाटाण्याएवढी गाठ.

तो आलेखासमोर उभा राहिला. एकदा पानाकडे बघितलं, एकदा कागदाकडे, मग माझ्याकडे. बाई म्हणाल्या, जो रंग जास्त असेल तिथे लाव. त्याने बोट पानावरून फिरवलं आणि हळूच मला मराठीत म्हणाला, "हिरवा जास्त आहे. हिरवा कुठेय?"

हिरवा नव्हताच. संच बनवणाऱ्या बाईंनी (बाईच असाव्यात, अक्षरांना इतके झालर-झुपके पुरुष लावत नाहीत) हिरव्याला रकानाच ठेवला नव्हता. त्यांच्या मते फॉलमधलं पान हिरवं नसतं. आम्ही मुलांना पानं वर धरायला सांगितली. २१ पैकी ९ पानं चारांपैकी कुठल्याच रकान्यात धड बसत नव्हती. काही हिरवी, काही ठिपक्यांची, एक स्वीटगम नावाच्या झाडाचं तर असं की पाच टोकांपैकी दोन जांभळट, दोन पिवळी, एक हिरवं.

इथे आमच्या बाईंचं कौतुक करायला हवं. त्यांनी तो आलेख फळ्यावरून काढला, गुंडाळून ठेवला आणि गालिच्यावर एक लांब दोरी टाकली. म्हणाल्या, या टोकाला सगळ्यात हिरवं, त्या टोकाला सगळ्यात तपकिरी. आपापलं पान कुठे येतं ते तुम्ही ठरवा. पुढची पंचवीस मिनिटं जो वाद झाला तो लोकसभेत शोभला असता. "माझं तुझ्यापेक्षा जास्त पिवळं आहे." "पण त्याला हिरवा देठ आहे." "देठ धरायचा नाही." "का नाही धरायचा?" शेवटी मुलांनीच 'मिक्स' नावाचा गट काढला आणि त्या गटात सगळ्यात जास्त पानं निघाली. चिंटूने आपलं ओकचं पान बरोबर मधोमध ठेवलं आणि त्याला कुणी धक्का लावू नये म्हणून शेजारी मांडी घालून बसला.

गटवारी याला म्हणतात. चार रकाने आधीच आखून दिले की मुलाने काय ठरवायचं? चूक आणि बरोबर, एवढंच उरतं.

यावरून संचाचा दुसरा मोठा दोष. यातलं प्रत्येक पान एकाच मेपलचं आहे. आकार सारखा, टोकं सारखी, डाग नाही, भोक नाही. फक्त रंग बदललेत. आमच्या मैदानात कुंपणाच्या आतच सहा जातींची झाडं आहेत, त्यांत मेपलच दोन प्रकारचे. रेड मेपलच्या पानाची कडा करवतीसारखी दातेरी. दुसरा नॉर्वे मेपल, मूळचा युरोपातला, इथे लावला आणि आता जंगलांत घुसून डोकेदुखी झालेला. त्याचा देठ ताजा तोडला की रुईसारखा पांढरा चीक येतो. हे मी मुलांना दाखवलं तेव्हा अर्धा तास दुसरं काही सुचेना. कोपऱ्यावर सॅसाफ्रासचं झाड, एकाच फांदीवर तीन आकारांची पानं: एक साधं लांबट, एक अंगठा असलेल्या हातमोज्यासारखं, एक तीन बोटांचं. निसर्गाने किंडरगार्टनसाठीच बनवलंय म्हणावं असं झाड. ८४ पानांत त्याचा पत्ता नाही.

शाबासकी द्यायची ती पानाच्या ठशाच्या पानाला, म्हणजे लीफ रबिंगला. त्या पानावर फक्त एक रिकामी चौकट आणि खाली एक ओळ, 'माझ्या पानाला ... टोकं आहेत'. बस. कागद रिकामा असल्यामुळेच ती संचातली सगळ्यात चांगली कृती आहे. मात्र सूचना अर्धवट आहेत, म्हणून मी माझ्या अनुभवाची भर घालते. पान वाळलेलं घेऊ नका, कुस्करतं. ताजं किंवा नुकतं पडलेलं घ्या. शिरा उठावदार असतात ती पाठीची बाजू वर ठेवा. पान खालच्या कागदाला चिकटपट्टीने लावा, नाहीतर सरकतं. क्रेयॉनचा कागद सोलून टाका आणि क्रेयॉन आडवा धरून फिरवा. आम्ही पहिल्या दिवशी हे काहीच सांगितलं नाही. २१ मुलं क्रेयॉनच्या टोकाने कागद फाडत होती आणि एकजण रडत होता.

दुसऱ्या दिवशी मात्र जादू झाली. कागदावर एकेक शीर उमटायला लागली तसा वर्ग शांत झाला. पाच वर्षांची २१ मुलं एकाच वेळी गप्प, हे मी वर्षातून दोनदा बघते आणि दुसऱ्यांदा बहुधा कुणीतरी काहीतरी सांडलेलं असतं. एका मुलीने गिंकोचं पान घेतलं होतं. गिंको म्हणजे छोट्या जपानी पंख्यासारखं पान. तिने ठसा काढला, बाकीच्यांचे बघितले, पुन्हा आपला बघितला आणि तक्रार घेऊन आली. "मिस, माझं खराब आहे. याला मधली रेघ नाही." खरंच नसते. गिंकोच्या शिरा देठापासून पंख्यासारख्या पसरतात आणि पुढे प्रत्येक शिरेच्या दोन होतात, पुन्हा दोन. मधली जाड शीर नाहीच. वर्गातल्या बाकी पानांना होती. हे मला इतकी वर्षं गिंकोखालून ये-जा करून दिसलं नव्हतं. पाच वर्षांच्या पोरीला क्रेयॉनमुळे दिसलं.

विज्ञानाच्या पानांबद्दल मी खुश नाही. रंगीत भित्तिचित्रावर लिहिलंय की थंडी आली की झाड पानांना रंग देतं. छान वाटतं वाचायला, पण तसं होत नाही. मुख्य इशारा मिळतो तो दिवस लहान होत गेल्याचा. थंडीचाही वाटा आहे, पण नंतर. झाड पानांतलं हरितद्रव्य नव्याने भरणं थांबवतं. ते विरलं की खालचे पिवळे-नारिंगी रंग उघडे पडतात, आणि ते रंग उन्हाळाभर तिथेच होते. लाल मात्र बहुतेक झाडांत त्याच वेळी नव्याने तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून. म्हणून दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा, पण दहिवर गोठेल इतका नाही, असं असलं की लाल जास्त खुलतो.

हे पाच वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं? मी केलं ते असं. जाड कागदावर पिवळा क्रेयॉन दाबून फासायचा. त्यावर हिरवा फासायचा, पिवळा दिसेनासा होईपर्यंत. मग आइस्क्रीमच्या काडीने खरवडायचं. हिरवा निघतो, पिवळा वर येतो. "तो तिथेच होता!" असं एक मुलगा ओरडला. याच्यापुढे भित्तिचित्राची गरज उरली नाही. खर्च शून्य. चौऱ्याऐंशी पानांत हे कुणाला सुचू नये?

त्याऐवजी संचात कॉफी फिल्टरचा प्रयोग आहे. पानं फाडून रबिंग अल्कोहोलमध्ये भिजवायची, फिल्टरची पट्टी त्यात सोडायची आणि रंग वेगवेगळे चढताना बघायचे. वेळ लिहिलाय वीस मिनिटं. आमच्या शाळेत मुलांच्या हाताशी अल्कोहोल ठेवायला परवानगी नाही, आणि ते योग्यच आहे. बाईंनी टेबलावर एकटीने करून दाखवला. वीस मिनिटांनी पट्टी जेमतेम ओली झाली होती. रात्रभर तसंच ठेवलं तेव्हा सकाळी हिरवा पट्टा आणि त्याच्या वर फिकट पिवळा दिसला. तोवर मुलं तो प्रयोग विसरून गेली होती. चौथी-पाचवीच्या मुलांना घरी करून दाखवा, मजा येईल. किंडरगार्टनला नको.

पान गळतं कसं, याबद्दल तर अवाक्षर नाही. वारा येतो, पान पडतं, एवढंच. खरं तर देठाच्या बुडाशी झाड स्वतःच पेशींचा एक थर तयार करतं आणि जोड सैल होतो. मुलांना हे हाताने कळतं. खालच्या फांदीवरचं एक हिरवं पान ओढायला लावलं, फांदी वाकली, देठ फाटला, साल सोलून आली. शेजारचं पिवळं पान बोटाने नुसतं उचललं, अलगद हातात आलं. देठाचं टोक गुळगुळीत, फांदीवर एक स्वच्छ खूण. पुढचे आठ दिवस मैदानावरच्या सुट्टीत मुलं प्रत्येक पानाला टिचकी मारून विचारत होती, "रेडी? नॉट रेडी?"

आता ज्या एका गोष्टीसाठी मी या संचाचे गुण कापते ती. 'पानांचा शोध' या पानावर लिहिलंय: बाहेर जा, एक लाल पान शोधा आणि उचला. पॉयझन आयव्हीचा उल्लेख नाही, कुठेही नाही! न्यू जर्सीत कुंपणावर, झाडांच्या बुंध्यावर, पायवाटेच्या कडेला ही वेल सगळीकडे आहे. तीन-तीन पर्णिकांचं पान, मधलीचा देठ जरा लांब, आणि फॉलमध्ये हीच वेल सगळ्यात आधी सुंदर लाल होते. म्हणजे पाच वर्षांचं मूल 'लाल पान शोधा' म्हटल्यावर नेमकं तिकडेच धावणार. तिच्यातलं तेल वाळलेल्या पानातही टिकतं आणि अंगावर खाजरे फोड येतात. आपल्याकडच्या बिब्ब्याचे चट्टे ज्यांनी पाहिलेत त्यांना कल्पना येईल. ही वेल बिब्ब्याच्याच कुळातली आहे. आम्ही निघायच्या आधी बाईंनी तीन बोटं दाखवून मुलांकडून पाठ करून घेतलं की तीन पानं एकत्र दिसली तर हात मागे. पाच असतील तर ती बहुतेक व्हर्जिनिया क्रीपर नावाची दुसरी वेल, पण तीही न तोडलेली बरी. आणि दुसरं, गोचिड्या. मोठ्या झालेल्या हरणगोचिड्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऐन जोरात असतात आणि ओलसर पाचोळा ही त्यांची आवडती जागा. पालकांना चिठ्ठी पाठवा: त्या दिवशी आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत आणि केसांत बघा. छापील संचात दोन ओळींची सूचना द्यायला किती जागा लागते? प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात गोबऱ्या गालांच्या खारीला जागा आहे, याला नाही.

खारीवरून आठवलं. बाईंनी आणलेले ते एकॉर्न टोप्या काढून एका बंद पिशवीत विज्ञानाच्या टेबलावर ठेवले होते. सोमवारी येऊन बघतो तर पिशवीत पांढऱ्या, गुबगुबीत, तांदळाच्या भातासारख्या अळ्या वळवळत होत्या आणि एकॉर्नला टाचणीने पाडल्यासारखी गोल भोकं. एका भुंग्याची मादी एकॉर्न झाडावर असतानाच त्यात अंडी घालते, आणि एकॉर्न जमिनीवर पडलं की अळी भोक पाडून बाहेर येते, मातीत शिरायला. आमच्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. मला मात्र तांदूळ निवडायची सवय. मी पिशवी उचलून खिडकीत धरली आणि २१ डोकी एकमेकांवर आपटली. त्या दिवशीच्या रोजनिशीत, जिथे एरवी सगळी मुलं घर आणि सूर्य काढतात, तिथे चौदा मुलांनी भोक काढलं. नुसतं काळं गोल भोक. खाली स्वतःच्या स्पेलिंगमध्ये 'होल'. विकतच्या साडेसहा डॉलरांत हा धडा नव्हता, पण लेखनासाठी दिलेलं रेघांचं पान संचातलंच होतं आणि ते चांगलं आहे. वर चित्राला मोकळी जागा, खाली दोन जाड रेघा, मधे तुटक रेघ. ते एक पान मी वर्षभर छापणार.

भाषेची पानं पटकन उरकते. टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे पाडायचं पान छान: 'लीफ'ला एक टाळी, 'मेपल'ला दोन. यमकाचं पान ठीक. एक पान आणि अनेक पानं, 'लीफ' आणि 'लीव्ह्ज', याचं पान घाईने केलेलं आहे. मुलं 'लीफ्स'च म्हणतात आणि म्हणू द्यावं. रंगसंकेताप्रमाणे रंगवायची सहा पानं निव्वळ वेळकाढू आहेत. बाई रजेवर असतील आणि बदली शिक्षिका येणार असेल त्या दिवसासाठी राखून ठेवा.

आता रविवारच्या शाळेचं, कारण तुम्ही विचारलंत ते त्यासाठी. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेच्या, शाळांचा आपला अभ्यासक्रम आहेच. त्याच्या जोडीला म्हणून मी यातली चारच पानं वापरली: ठशाची चौकट, टेन फ्रेम, रेघांचं पान आणि झाडाच्या भागांचं चित्र. चित्रावरचे इंग्रजी शब्द पांढऱ्या शाईने खोडले आणि मूळ, खोड, फांदी, पान, देठ, शीर असे लिहिले. 'देठ' हा शब्द आमच्या रविवारच्या अकरा मुलांपैकी एकालाच माहीत होता, आणि तोही कोथिंबिरीमुळे.

मग 'पान' या शब्दावरच अर्धा तास गेला. झाडाचं पान, वहीचं पान, आजोबांचं खायचं पान. हे तीन मुलांनीच सांगितले. मी म्हटलं, "अजून एक आहे. जेवायला बसताना आजी काय म्हणते?" सगळे गप्प. मागे बसलेल्या एका आईने न राहवून सांगितलं, "पानं घेतली, चला!" केळीच्या पानापासून ताटापर्यंतचा प्रवास सांगितला तेव्हा एका मुलीने विचारलं, "मग पिझ्झा खातो तेव्हा पण पान?" हो गं बाई, तेव्हाही पानच.

ऋतूंच्या पानाचा मात्र आपल्याला उपयोग नाही. त्यात चार ऋतू, पानगळ सप्टेंबर ते नोव्हेंबर. मी मुलांना गृहपाठ दिला, भारतातल्या आजी-आजोबांना विचारून या, तुमच्याकडे पानं कधी गळतात. उत्तरं एकाहून एक आली. साताऱ्याच्या आजी म्हणाल्या माघ-फाल्गुनात, होळीच्या आधी. मुंबईचे आजोबा म्हणाले, समोरचं बदामाचं झाड आहे ना, त्याची पानं लाल होऊन गळतात आणि सोसायटीचा झाडूवाला वैतागतो. नागपूरच्या आजींनी पळसाचं सांगितलं, आधी पानं जातात आणि मग उघड्या फांद्यांवर केशरी फुलं. चिंटूही रविवारी येतो. तिथे तो सुरुवातीपासून धबधब्यासारखा बोलतो. त्याने सांगितलं, त्यांच्या पुण्याच्या घरासमोरच्या पिंपळाला नवी पानं येतात तीच गुलाबी असतात, नंतर हिरवी होतात. "म्हणजे उलटं," असं म्हणून त्याने हात उलटा करून दाखवला. संचातल्या वर्तुळात बाण एकाच दिशेने जातात. आम्ही त्यावर पेन्सिलीने दुसरा बाण काढला.

हे सगळं करताना कोसबाडची फार आठवण आली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. बी, पान, खडा, शिंपला हेच तिथलं साहित्य. आमच्या बालवाडीच्या प्रशिक्षणात हे सगळं पाठ करून घेतलं होतं. तेव्हा मला वाटायचं, पैसे नव्हते म्हणून हे केलं. आता प्रिंटर आहे, लॅमिनेटर आहे, पिवळी शाई घरपोच येते, आणि तरी ओकच्या टोपीपुढे माझी चारशेवीस पानं हरली.

एक लॅमिनेटरबद्दल राहिलं. खरी पानं लॅमिनेट करायची असतील तर आधी आठवडाभर जाड पुस्तकात दाबून पूर्ण वाळवा. आम्ही उत्साहात ताजी घातली. आतल्या ओलाव्याने बुडबुडे आले आणि चार दिवसांत सुंदर लाल पानांचा चहाच्या चोथ्यासारखा रंग झाला.

तर निकाल. पाचपैकी तीन. पॉयझन आयव्हीची एक ओळ असती तर साडेतीन दिले असते. वर्गशिक्षिका असाल, संध्याकाळी जीव थकलेला असेल आणि उद्यासाठी काहीतरी तयार हवं असेल तर घ्या, साडेसहा डॉलर वसूल होतात. पण रंगीत काही छापू नका आणि आलेखात हिरव्याचा रकाना हाताने आखा. घरी एका-दोन मुलांसाठी घेणार असाल तर नको. कोरे कागद, सोललेले क्रेयॉन आणि कोपऱ्यावरचं झाड, यात भागतं.

आणि तिघींना एक सांगायचं राहिलं: फाइल पाठवता येणार नाही. परवाना एका वर्गापुरता आहे, दुसऱ्या शिक्षिकेला वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि हे त्यांनी पहिल्याच पानावर ठळक लिहिलंय, त्याबद्दल त्यांच्याशी भांडण नाही. मात्र कापून, लॅमिनेट करून ठेवलेली ती चारशेवीस मेपलची पानं श्रीखंडाच्या डब्यात तशीच पडून आहेत. वर्गासाठी काही दिवस वापरून परत करायची असतील तर रविवारी घेऊन येते. नवऱ्याला मात्र सांगू नका.